मदत हवी आहे: किनाऱ्यावर स्वयंसेवी जीवरक्षक व्हायचं तर प्रशिक्षण काय घ्यावं?

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावातली सात-आठ पोरं सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर थांबायला तयार आहेत. पोहणं सगळ्यांचं पक्कं. ग्रामपंचायतीचा जीवरक्षक एकटा, पर्यटक भरपूर. काय शिकायचं, कुठे, आणि सामान काय लागेल?

खाडीकाठ: उपक्रम फार चांगला आहे, पण नुसतं पोहण्यावर भिस्त ठेवू नका. बुडणारा घाबरून मिठी मारतो आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. आधी हाक, मग काठी, मग दोर. पाण्यात उतरायचं सगळ्यात शेवटी, तेही रेस्क्यू ट्यूब (धरून तरंगता येतं असं लांबट फोमचं साधन) घेऊनच. दोन हात लांब थांबून ट्यूब त्याच्याकडे ढकला.

दोर तरंगणारा, २० मीटरचा, पिशवीत भरलेला हवा. वेटोळं करून ठेवलात तर ऐनवेळी गुंततो. मूठमूठ करून कोंबा. मोकळं टोक हातात धरा, मनगटाला कधीच बांधू नका. पिशवी बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे टाका, म्हणजे दोर खांद्यावर पडतो. त्याने दोर धरला की लगेच खाली बसून टाचा वाळूत रोवा, नाहीतर हिसक्यासरशी तुम्हीच आत. फेक चुकली तर दोर परत भरत बसू नका. ओढून घ्या, पिशवीत थोडं पाणी घेऊन तशीच फेका. ही दुसरी फेकच जास्त घोटून घ्या.

सुकती_भरती: पाणी वाचायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, मधला पट्टा मात्र काळसर, शांत, आणि फेस समुद्राकडे चाललाय, तिथे ओढ (आत खेचणारा प्रवाह) आहे. पर्यटक नेमके तिथेच उतरतात, कारण लाट दिसत नाही. ओढीत सापडलेल्याला किनाऱ्याला समांतर पोहायला सांगायचं. ओढ सहसा सुकतीला (ओहोटी लागल्यावर) वाढते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जास्तच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते (चतुर्थीला तीनच्या सुमारास), तरी भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ असू द्या. नजर ठेवणारा अर्ध्या तासाने बदला, डोळे थकतात.

प्रथमोपचारवाली: पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरणं पूर्ण बंद. उलटी फुफ्फुसात जाते आणि वेळ जातो. बुडालेल्याचं हृदय हवा न मिळाल्याने थांबतं, म्हणून श्वास बंद असेल तर आधी तोंडाने दोन श्वास, मग छातीवर ३० दाब, पुन्हा दोन श्वास. वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला खोली ५ ते ६ सेंमी. हे सरावाच्या पुतळ्यावर घोटल्याशिवाय येत नाही. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. श्वास काही तासांनीही अडू शकतो. रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४.

पणजीच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे कोर्स होतात. पुण्याच्या राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीकडेही चौकशी करा.

धागाकर्ता: आभार! पावसाळ्यात काय करावं?

खाडीकाठ: जून ते सप्टेंबर दोर आणि शिट्टी घेऊन वाळूवरच थांबा. लोकांना घोट्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, तेच तेव्हाचं मुख्य काम.