अर्धाच शब्द कानावर येतो, तरी पूर्ण कसा कळतो?

प्रश्न: सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणतो, बावीस वर्षं झाली. खडखडाटात जोडीदार ओरडतो, "कांडी संपली!" (कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी). कानावर येतं "कां… सं…ली", तरी हात बरोबर कांडीकडे जातो. नवीन माणसाचं नाव मात्र तीनदा विचारावं लागतं. असं का?

उत्तर: १९७० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी एका इंग्रजी शब्दातला 'स' कापून तिथे खोकल्याचा आवाज घातला. २० पैकी १९ जणांना सगळे ध्वनी ऐकू आल्यासारखे वाटले! गोंगाटाने झाकलेला भाग मेंदू ओळखीच्या शब्दातून भरतो. अनोळखी नावाला तो आधारच नसतो.

उत्तर: शिवाय "सो" ऐकलं की सोनं, सोमवार, सोलापूर हे शब्द मनात एकदम जागे होतात. "सोल" म्हणताच सोनं, सोमवार गळतात. बोलणाऱ्याचे ओठ दिसले की त्यांचीही मदत होते. एकदा जोडीदाराकडे पाठ फिरवून ऐकून बघा.

प्रश्नकर्ता: आजच बघितलं. पाठ फिरवली तर "कांडी" कळलं, पण "दोरा तुटला" निसटलं. वळून तोंडाकडे बघितलं, लगेच समजलं. आता नवीन पोराला समोर उभं राहूनच सांगणार. मनापासून आभार.