सेटरमध्ये क्विंटलचे किलो करतोय, पण सेव्ह केलं की वजन शंभरपट होतं

प्रश्न
रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी खरेदीच्या नोंदींसाठी पायथनमध्ये क्लास लिहिलाय. वजन क्विंटलमध्ये टाकतात, साठवायचं किलोत. म्हणून वजनाच्या सेटरमध्येच (किंमत ठेवताना आपोआप चालणारं फंक्शन) १००ने गुणलं. आधी रिकर्शन एरर (फंक्शन स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलवत राहण्याचा) यायचा. आत्ता सेटरमधला गुणाकार चालतोय, पण १२.५ क्विंटलची नोंद उघडून नुसती सेव्ह केली तरी १,२५० चे १,२५,००० होतात. गावाचं नावही तिथंच साफ करायचंय.

उत्तर १
भाऊ, सेटरच्या आत सेल्फ.वजन लिहिलं की तोच सेटर पुन्हा चालतो, म्हणून रिकर्शन. आत सेल्फ._वजन हवं. इनिटमध्ये (नवी नोंद तयार होताना चालणारं फंक्शन) मात्र अंडरस्कोअर लावू नका, नाहीतर पहिली किंमत सेटरला चुकवून जाते.

शंभरपटीचं मूळ वेगळं आहे. गेटर (किंमत वाचताना चालणारं फंक्शन) किलो देतो आणि सेटर क्विंटल मागतो. सेटरने दिलेली किंमत वाचून परत तिथंच ठेवली तर काही बदलायला नको. स्पेस काढणं या कसोटीला उतरतं, गुणाकार नाही. आत एकच _किलो ठेवा आणि बाहेर दोन प्रॉपर्टी (गेटर-सेटरची जोडी असलेली नावं) करा: किलो आणि क्विंटल. क्विंटलचा सेटर गुणेल, गेटर भागेल. फॉर्म फक्त क्विंटलशी बोलेल.

उत्तर २
वजनासाठी फ्लोट (पायथनचा साधा दशांश आकडा, जो थोडा अंदाजे साठतो) वापरत असाल तर थांबा. २.३ गुणिले १०० केलं की २२९.९९९… येतं, त्याचा इंट (पूर्णांक) केला की २२९. शेतकऱ्याचा एक किलो गेला! डेसिमल (दशांश आकडा नेमका ठेवणारा प्रकार) घ्या, आणि तोही स्ट्रिंगवरून, म्हणजे टाइप केलेल्या मजकुरावरून बनवा. फ्लोटवरून बनवला तर तीच चूक आत येते. देवनागरी '१२.५' डेसिमलला थेट चालतं, पण '१,२५०' मधला स्वल्पविराम आधी काढावा लागतो.

उत्तर ३
गावाच्या नावासाठी नुसतं स्ट्रिप (पुढच्या-मागच्या स्पेस काढणं) पुरत नाही. 'बऱ्हाणपूर' मधला ऱ काही कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, काहींवरून र आणि खाली नुक्ता (टिंब) असा. स्क्रीनवर सारखंच दिसतं, तुलना मात्र खोटी ठरते आणि एका गावाच्या दोन ओळी होतात. सेटरमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ 'एनएफसी' (अशी दोन रूपं एकसारखी करणारा पर्याय) लावून चालवा, मग स्ट्रिप. जुन्या नोंदींवरून एकदा फिरवून घ्या.

आणि जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) असेल तर क्वेरीसेटच्या अपडेटने (अनेक नोंदी एकदम बदलणं) हे सेटर चालतच नाहीत, किंमत सरळ डेटाबेसात जाते. तिथं साफसफाईचं फंक्शन स्वतः बोलवावं लागेल. म्हणून ते सेटरबाहेर वेगळंच लिहा.

प्रश्नकर्ता
दोन प्रॉपर्टी केल्या, १२.५ आता १२.५च राहतं. गावाचं फंक्शन बाहेर काढतोय.