घर हेही कामाचे ठिकाणच आहे
‘घर म्हणजे कार्यालय नव्हे, त्यामुळे घरकाम करणाऱ्या बायकांना लैंगिक छळविरोधी कायदा लागू होत नाही’, हे विधान चुकीचे आहे. २०१३ च्या याच कायद्याने कामाच्या ठिकाणात घराचा स्पष्ट समावेश केला आहे. अशा महिलेला ३ महिन्यांच्या आत या कायद्याखाली जिल्ह्यात नेमलेल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास समितीने ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

अडचण मला कायद्यापेक्षा आपल्या नजरेत अधिक दिसते. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि असे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे आढळले. जे काम घरच्या बाईने फुकट करायचे असे आपण गृहीत धरतो, ते पगारावर करणारीलाही आपण कामगार मानत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत काय किंवा ताराबाई पार्कात काय, तिला ‘मावशी’ म्हणतो, ‘घरच्यासारखी’ म्हणतो, आणि याच आपलेपणामुळे बंद दाराआड घडलेल्या प्रकाराविषयी बोलणे तिला कृतघ्नपणाचे वाटू लागते. शिवाय साक्षीदार बहुधा त्याच कुटुंबातले असतात. म्हणून कोल्हापुरातील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने स्थानिक समितीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक जिन्याजवळ मराठीत लावावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.