'ग्रोइंग पेन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठची: चोपडा तालुक्यातल्या अंगणवाड्यांसाठी पत्रक करतेय. साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांचे रात्री पाय दुखतात, त्याबद्दल. डॉक्टरांनी 'वृद्धिवेदना' लिहिलंय. सेविकेनं वाचून विचारलं, "म्हातारपणाचं का?" दुसरा शब्द सुचवा.

शब्दनिष्ठ: शब्द निर्दोष आहे. वृद्धी म्हणजे वाढ. 'हृदयविकार' तरी पहिल्या दिवशी कुणाला कळला होता? वापरा, रुळेल.

अमळनेरकर: रुळेपर्यंत आयांनी काय करायचं? आमच्याकडे पोर म्हणतं, "माय, रातले पाय दुखतस." माय तेल लावून पोटऱ्या चेपते, पोर झोपतं. सरळ 'पाय ठणकणं' लिहा.

तापीकाठची: ठणका दाढेचा, गळवाचा. इथे सूज नाही, तपासणीत काही निघत नाही, सकाळी पोर अंगणात उड्या मारतं.

शिरपूरवाला: मग 'गोळे येणं'?

तापीकाठची: गोळा आला की पोटरी हाताला टणक लागते. यात मऊच असते.

जुना मास्तर: पोटरीवरून आठवलं. ज्वारी पोटरीत येते, म्हणजे कणीस पानाच्या वेष्टनात फुगतं. पायाची पोटरीही फुगीर. दोन्ही 'पोट'वरून, माझं ठाम मत.

धुळेकर: 'वाढीचं दुखणं' लोक म्हणतात, तेच ठेवा. मात्र अर्थ फसवा आहे. द्युशां या फ्रेंच डॉक्टरानं १८२३ मध्ये वाढीशी नातं जोडलं, ते नाव चिकटलं. मूल सर्वांत झपाट्यानं वाढतं पहिल्या वर्षी, पुन्हा वयात येताना. हे दुखणं मधल्याच वर्षांतलं.

नंदुरबारहून: म्हणूनच मला 'वाढीचं' नको. ऐकून आई निर्धास्त होते. आमच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यातही हातपाय दुखतात, तान्ह्या पोरांचे पंजे सुजतात. नेहमी एकच पाय दुखतो, सांधा सुजलाय, ताप आहे, पोर सकाळी लंगडतंय, यातलं काहीही दिसलं तर चेपत बसू नका, दवाखान्यात न्या. ही ओळ ठळक छापा, वर नाव काहीही असू द्या.

तापीकाठची: ओळ घेतली. पण पत्रकाला मथळा लागतोच. 'रात्री पाय दुखणं' चालेल?

शब्दनिष्ठ: हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे.

अमळनेरकर: आईला संज्ञा कशाला हवी? आणि मास्तर, गहूसुद्धा पोटरीत येतो.

शब्दनिष्ठ: येऊ द्या, त्यानं व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. जुन्या कोशातला दाखला द्या.