मदत हवी आहे: वारंवार होणारा ईएसबीएल ई. कोलाय मूत्रसंसर्ग, तोंडी औषध कोणते?

आई, वय ६८, मधुमेह, ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ३८, म्हणजे कमी. लघवीच्या कल्चरमध्ये पुन्हा पुन्हा ईएसबीएल ई. कोलाय (बऱ्याच अँटिबायोटिकना निकामी करणारा जिवाणू) येतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, कोट्रायमोक्साझोल रेझिस्टंट. नायट्रोफ्युरँटॉइन रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्ह आहे, पण किडनीमुळे डॉक्टर देत नाहीत. फॉस्फोमायसिनने तात्पुरता उतार पडला. नंतर एर्टापेनेमची इंजेक्शने झाली; दर वेळी सलाइन लावायला तिच्या शिरा सापडत नाहीत, तिचे हाल बघवत नाहीत. सोनोग्राफीत खडा नाही, लघवी पूर्ण होते, साखर आटोक्यात आहे. योनीमार्गातले इस्ट्रोजेन क्रीम सुरू आहे.

वाचनात आले की अमेरिकेत पिव्हमेसिलिनम व सुलोपेनेम २०२४ मध्ये आणि जेपोटिडासिन मार्च २०२५ मध्ये मंजूर झाले. तिन्ही तोंडी घ्यायची. चेन्नईत शोधलेले एन्मेटाझोबॅक्टम मात्र शिरेतूनच द्यावे लागते. शिवाय २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत मेथेनामाइन हिप्युरेट (लघवीतले जंतू मारणारे, अँटिबायोटिक नसलेले औषध) मूत्रसंसर्गाच्या प्रतिबंधासाठी रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचे ठरले.

आम्ही सोलापूरला, पुणे-मुंबईला येऊ शकतो. घरगुती उपाय कृपया नकोत.

यांपैकी कोणते औषध भारतात रीतसर मिळते का, किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णासाठी आयात करता येते का? आणि या ईजीएफआरला मेथेनामाइन कोणाच्या नेफ्रॉलॉजिस्टने दिले आहे का?