‘कृत्रिम गर्भधारणा’ की ‘कृत्रिम रेतन’?

प्रश्न : वाघ-चित्त्यांच्या संवर्धनावरचा एक लेख मराठीत आणते आहे. आर्टिफिशियल इनसेमिनेशन आणि आयव्हीएफ या दोन्हींना ‘कृत्रिम गर्भधारणा’ म्हटलं तर चालेल का? सरोगेट मादीसाठी ‘भाडोत्री आई’ लिहू का?

प्रतिसाद : एकाच शब्दात दोन्ही कोंबू नका. पहिल्याला पशुवैद्यकातला ‘कृत्रिम रेतन’ हा रुळलेला शब्द आहे. त्यात वीर्य मादीच्या शरीरात सोडतात आणि फलन आतच होतं. दक्षिण आफ्रिकेत २०१८ मध्ये सिंहिणीला झालेले दोन बछडे असे रेतनातून जन्मले. आयव्हीएफमध्ये फलन प्रयोगशाळेत होतं, म्हणून ‘बाह्य फलन’. त्यानंतरची पायरी ‘भ्रूणरोपण’, म्हणजे तयार झालेला भ्रूण मादीत सोडणं. ‘टेस्ट ट्यूब’ लिहायचंच असेल तर ते अमेरिकेतल्या ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात १९९० मध्ये जन्मलेल्या वाघाच्या पिल्लांना शोभेल.

दुसरा प्रतिसाद : आमच्याकडे रोज गायी-म्हशी रेतनाने भरवल्या जातात, त्यामुळे ‘माजावर येणे’, ‘रेतमात्रा’ (एका वेळी भरायचं वीर्य), ‘द्रवनत्र’ (वीर्य गोठवून ठेवायचा द्रवरूप नायट्रोजन) हे शब्द बिनदिक्कत वापरा. गोठवलेल्या सिंहाच्या वीर्यालाही द्रवनत्राचं तेच उणे १९६ अंशांचं भांडं लागतं. फक्त एक फरक लेखात यायलाच हवा. गाय माजावर आली की बीजांड आपसूक सुटतं. वाघ-सिंह-चित्त्यांच्या मार्जारकुळात ते बहुधा मीलनानंतरच सुटतं. म्हणून मादीला संप्रेरकांची (हार्मोन्सची) इंजेक्शनं देऊन बीजांड सोडवावं लागतं, नुसती रेतमात्रा भरून भागत नाही. मीलनामुळे बीजांड सुटण्याला ‘प्रेरित अंडमोचन’ म्हणतात.

प्रश्नकर्ती : फार उपयोगी. आणि सरोगेट?

पहिला प्रतिसाद पुढे : ‘भाडोत्री’ नकोच. त्यात मोबदला आणि राजीखुशी दोन्ही गृहीत आहेत, आणि मुक्या जनावराच्या बाबतीत दोन्ही नसतात. ओहायोतल्या कोलंबस प्राणिसंग्रहालयाचं उदाहरण घ्या. किबीबी ही चित्ता मादी साडेसहा वर्षांची झाली तरी एकदाही व्याली नव्हती. तिची बीजांडं काढून बाहेर फलित केली आणि भ्रूण इझी या दुसऱ्या मादीत सोडले. १९ फेब्रुवारी २०२० ला इझीला दोन पिल्लं झाली. इथे ‘जन्मदात्री’ इझीच ठरते, कारण कळा तिने सोसल्या, दूधही तिनेच पाजलं. किबीबीला ‘बीजांडदात्री’ म्हणा आणि इझीला ‘सरोगेट आई’. तो शब्द आता वर्तमानपत्रातून घरोघरी पोचलाय. त्यासाठी नवा घडवायची मला तरी गरज वाटत नाही.