क्रेडिट कार्डावर न मागितलेली सबस्क्रिप्शन कापली जातेय, मूळ कसं शोधायचं?

निपाणी_वाचक
कार्ड कोल्हापूरच्या शाखेतून घेतलेलं, पत्ता निपाणीचा. गेल्या दोन स्टेटमेंटांत ५ तारखेला १९९ रुपये गेलेत, समोर अनोळखी कंपनीचं नाव आणि ‘बेंगळुरू’. शिवाय या महिन्यात एकाखाली एक तीन ओळी: १,७००.००, ५९.५० आणि १०.७१. ओटीपी एकदाही आला नाही. कस्टमर केअरवाले म्हणतात, कार्ड ब्लॉक करा. त्यानं कायमचं थांबेल का? आणि तक्रार पुढं न्यायची झाली तर कर्नाटकात करायची की महाराष्ट्रात?

टिळकवाडी_हिशेब
त्या तीन ओळी आधी बघूया. ५९.५० म्हणजे १,७०० चे बरोबर साडेतीन टक्के. १०.७१ म्हणजे ५९.५० चे अठरा टक्के. परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क, म्हणजे मार्कअप, आणि त्या मार्कअपवरचा जीएसटी. म्हणजे व्यवहार एकच आहे ओ, आणि व्यापारी परदेशातला. ओटीपी न येण्याचं कारणही तेच. बाहेरच्या बऱ्याच साइट नुसत्या कार्डाच्या तपशिलावर पैसे कापतात. बहुतेक वेळा एखादी फुकट ट्रायल संपून पैसे सुरू झालेले असतात. ईमेलमध्ये ‘ट्रायल’, ‘रिन्यूअल’, ‘इनव्हॉइस’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा, स्पॅममध्येही. रक्कम डॉलरमध्ये किंवा दुसऱ्या परकीय चलनात असणार, त्यामुळे १,७०० टाकून काही सापडायचं नाही. तारीखही दोन-तीन दिवस मागची धरा, कारण स्टेटमेंटवर कधी कधी पोस्टिंगची, म्हणजे व्यवहार खात्यात नोंदला गेल्याची तारीख असते.

१९९ चं वेगळं. ‘बेंगळुरू’ बघून आपल्याकडची माणसं कर्नाटकातलं एखादं दुकान किंवा सरकारी बिल समजतात. ते शहर कंपनीच्या नोंदणीचं किंवा पैसे वळते करणाऱ्या मधल्या कंपनीचं (पेमेंट गेटवेचं) असू शकतं, आणि नावसुद्धा ॲपचं नसून मूळ कंपनीचं असतं. हे देशातलं ई-मँडेट, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायला एकदा दिलेली परवानगी दिसतंय. त्यात ओटीपी फक्त नोंदणीच्या वेळी लागतो, पुढं १५,००० रुपयांपर्यंत लागत नाही. पण कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणं सक्तीचं आहे. ४ तारखेच्या आसपासचे एसएमएस आणि ईमेल बघा की. त्यात व्यापाऱ्याचं नाव असतं, नको असेल तर थांबवायची सोयही असते.

खानापूर_रोड
आता थांबवायचं कुठं. पैसे ज्या दारानं जातात त्याच दाराला कडी लावायची, बाकी ठिकाणी धडपडून उपयोग नाही.

बँकेच्या ॲपमध्ये क्रेडिट कार्डाखाली ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ असं पान असतं, तिथं चालू मँडेटची यादी मिळते. तिथं नसेल तर फोन बघा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून प्रोफाइलच्या चित्रावर, मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावाखाली ‘सबस्क्रिप्शन्स’. घरातल्या ज्या ज्या फोनवर हे कार्ड एकदा टाकलं असेल, त्या प्रत्येक खात्यात बघायचं. ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं असं होत नाही. सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात.

परदेशी व्यवहारासाठी कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘इंटरनॅशनल’ बंद करा. सोबत त्या साइटवरही रद्द करा आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा. नुसतं मँडेट तोडलं तर पैसे थांबतात, पण व्यापाऱ्याच्या खात्यात सबस्क्रिप्शन चालूच दिसतं.

ब्लॉक करणं हा इथं पहिला उपाय नव्हे. काही परदेशी व्यापाऱ्यांना बदललेला नंबर कार्ड नेटवर्ककडून मिळतो आणि कापाकापी पुन्हा सुरू होते. नंबर कुणाच्या हाती लागला असेल, तर मात्र लगेच ब्लॉक करा.

निपाणी_वाचक
बँकेच्या यादीत काही नाही, प्ले स्टोअरमध्येही नाही. कार्ड रुपे आहे, यूपीआयला जोडलंय.

खानापूर_रोड
मग यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ बघा. रुपे क्रेडिट कार्डावरून यूपीआयनं दिलेलं मँडेट तिथं असतं, कार्डाच्या पानावर ते दिसेलच असं नाही. दोन यूपीआय ॲप असतील तर दोन्ही उघडा. रद्द करताना यूपीआय पिन मागेल.

चिकोडी_कायदा
तक्रारीबद्दल. बँकेला ‘फ्रॉड’ सांगायचं की ‘रद्द करूनही कापलं’, हे आधी नीट ठरवा. स्वतः ट्रायल घेतलेली असताना फ्रॉड म्हणून लिहिलं, तर व्यापारी नोंदणीचा पुरावा देतो आणि तक्रार फेटाळली जाते. रद्द केल्याची तारीख आणि ईमेल असेल तर दुसऱ्या प्रकारात तुमची बाजू भक्कम. खरंच अनधिकृत असेल तर वाट बघू नका: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेल्या नियमानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसेल तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही नोंद करा.

तक्रार लेखी करा आणि नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, तिच्या ऑनलाइन तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर. शाखा कोल्हापूरची की पत्ता निपाणीचा, हा प्रश्न २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेपासून उरलेला नाही. व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथं, म्हणजे बेळगाव जिल्हा आयोगात दाखल करता येतं.

या काळात बाकीचं बिल मुदतीत पूर्ण भरा. वादातली रक्कम सोडून भरायची असेल तर बँकेकडून ती ‘वादग्रस्त’ धरल्याचं आधी लेखी घ्या. नाहीतर १९९ रुपयांपायी सगळ्या खरेदीवर व्याज चालू होतं.